डावीकडून तिसरं चित्र

आम्ही सत्तावीस शिक्षक आणि आमच्यापुढे एक तिशीचा पोरगेला संगणक शिक्षक. बोलता बोलता सारखं “इथे टकटक करा” म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला टकटक सर म्हणायचो. शाळा सुटल्यावर तो आठवडाभर आम्हाला शिकवत होता. दर पाच मिनिटांनी विचारायचा, “समजलं का?” आणि आम्ही एका सुरात ओरडायचो, “हो!” पीटीच्या सरांचा आवाज सगळ्यात मोठा होता. त्यांचा कॉम्प्युटर तेव्हा बंद होता.

“समजलं नाही” असं म्हणायची शिक्षकाला सवय नसते. ते वाक्य पोरांचं.

मलाही काडीचं कळत नव्हतं, पण मी घाबरले नव्हते. एकतीस वर्षं भूमिती शिकवतेय, चांगली वही केली होती. पान पहिलं: एक, बाण वर न्यावा. दोन, डावीकडून तिसरं चित्र. तीन, टकटक. चार, मोठा त्रिकोण येईल. पाच, वर्गाकडे वळून म्हणावे, “या आकृतीकडे नीट पाहा.” ही पाच वाक्यं मी भाजी चिरताना, दात घासताना घोकत होते. नवरा म्हणाला, “अगं, झोपेतसुद्धा टकटक म्हणतेस.” म्हटलं, तुम्ही गप्प बसा, माझी दहावी जातेय.

जाणारच होती. मुख्याध्यापिकाबाईंनी साफ सांगितलं होतं. शुक्रवारी निरीक्षक साहेबांसमोर पडद्यावर धडा घ्यायचा. जमला तर दहावीचं गणित माझ्याकडे, नाही तर पाचवीचे पाढे. पाचवीला माझा विरोध नाही, पण दहावी काढून घेतली तर मी शाळेत नेमकी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

याच आठवड्यात मी दहावीची चाचणी तपासली होती. दरवर्षी मी एक खोडी काढते. वर्गात शिकवताना त्रिकोण एबीसी असतो, पेपरात त्याला पीक्यूआर करते. घोकून आलेली पोरं पीक्यूआरखाली बेधडक एबीसीची सिद्धता उतरवतात आणि बरोब्बर सापडतात. यंदा मागच्या बाकावरची ‘टेप’ सापडली. धडा न अडखळता, श्वास न घेता म्हणते, म्हणून ते नाव मीच ठेवलेलं. तिला शून्य दिलं आणि भर वर्गात सुनावलं, “अक्षरं बदलली म्हणून त्रिकोण बदलत नाही! डोकं घरी ठेवून येतेस का?” वर्ग हसला. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार उजाडला. साहेब मागे खुर्चीत, मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या शेजारी, टकटक सर दाराशी. मी बाण वर नेला. डावीकडून तिसरं चित्र. टकटक. ऐटीत वर्गाकडे वळले आणि पट्टी मागे रोखून म्हणाले, “या आकृतीकडे नीट पाहा. ही बाजू आणि ही बाजू समान आहे.”

मग एक पोरगा फसकन हसला आणि त्याच्यामागून अख्खा वर्ग. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मी मागे पाहिलं. भिंतभर एक गांडूळ पसरलं होतं, विज्ञानाच्या बाईंचं.

टकटक सराचा चेहरा उतरला. साहेब येणार म्हणून त्याने सकाळीच सगळी चित्रं आवरून ठेवली होती. मी पुन्हा तिसरं चित्र मोजलं, पुन्हा टकटक. पुन्हा गांडूळ. वहीत सहावं वाक्य नव्हतं.

तेवढ्यात टेप उठली. मला वाटलं, आता ही सूड उगवणार. पण ती अगदी हळू म्हणाली, “बाई, जागा बदललीय फक्त. चित्राखाली नाव असतं, ते वाचा. अक्षरं बदलली म्हणून त्रिकोण बदलत नाही, तसंच आहे.”

चित्रांखाली नावं असतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. देवाशपथ. आठवडाभर मी नुसती मोजत होते. सातव्या जागेवर लिहिलं होतं, ‘त्रिकोण’. टकटक केलं, आला.

तास संपल्यावर साहेबांनी विचारलं, “तुम्हाला येत होतं ना? आयत्या वेळी गडबडलात?” ‘हो’ जिभेवर तयारच होतं. पण टेप दप्तर भरत तिथेच उभी होती.

“नाही साहेब. मी पाठ करून आले होते.”

साहेबांनी लिहिलं, ‘महिन्याने पुन्हा धडा पाहावा. तोवर दहावी यांच्याकडेच.’ बाईंनी सुस्कारा सोडला.

संध्याकाळी टकटक सराने सवयीने विचारलं, “समजलं का?” सव्वीस जण म्हणाले, “हो!” मी हात वर केला. “मला नाही समजलं. पहिल्यापासून सांग बाबा.” तो बिचारा खुर्चीत बसला. मग पीटीचे सर खाकरले आणि म्हणाले, “माझंही जरा बघता का? हे चालू कुठून होतं?”

घरी आल्यावर टेपची उत्तरपत्रिका काढली. शून्य खोडलं नाही, चूक ती चूक. पण त्याखाली लाल पेनने लिहिलं, “समजलं नसेल तर विचारायला ये. वर्गात कोणी हसणार नाही. मीसुद्धा विचारायला जाते आहे.”