लंडनकरांनी घातलेली खिडकी

“कुलसुम, वाट बघ गो. दोन वरसांत येतो.”

नवऱ्याने आखातातून पाठवलेल्या कॅसेटमधला तो आवाज कुलसुमने तीस वर्षांपूर्वी, रत्नागिरीच्या खाडीकाठी, फीत झिजेपर्यंत ऐकला होता. आता त्या आवाजाचे धनी हुसैनमियाँ मस्कतच्या कुरुम भागातल्या एका हॉलमागच्या खोलीत इस्त्री फिरवत होते, आणि तोंडात टाचण्या धरून ती इराच्या झग्याची खालची दुमड टाचत होती.

इथली हौशी मंडळी एक जुनी फ्रेंच ऑपेरेटा इंग्रजीतून करणार होती. गाण्यांचं, हसतंखेळतं नाटक. कपडे हुसैनमियाँच्या दुकानाचे. खलाशाच्या बायकोचं काम पुण्याच्या किशोरीबाईंच्या मुलीकडे, इराकडे.

“अंकल, फार टाइट नाही ना?”

“गायच्या आधी समोसे खाऊ नको, म्हणजे झालं.”

टेबलावर अर्बाबने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ओमानी मालकाने, सही केलेला कागद होता. महिनाभरासाठी आलेल्या कुलसुमला आता कायमचं इथंच ठेवायचं, तिने फक्त हो म्हणायचं. आठ दिवस ती “बघू” म्हणत होती.

इरा गुणगुणू लागली. कुलसुमने मान वर करून, काय गं ते, असं डोळ्यांनीच विचारलं.

“नवरा ट्वेल्व्ह इयर्सनी घरी येतो, आंटी. ती म्हणते, मी रोज खिडकीत दिवा लावून... वाट बघितली.”

इस्त्री थांबली. “बायको अशी हवी!” हुसैनमियाँ म्हणाले.

“पण फ्रेंचमध्ये खिडकीच नाहीये, अंकल. मी ओरिजिनल वाचलं ना. तिथे ती म्हणते, एक वर्ष रडले, मग होडी चालवायला शिकले. आता मी मजेत आहे. इंग्रजीत आणताना लंडनवाल्यांना ते आवडलं नाही, म्हणून त्यांनी खिडकी घातली. अमेरिकेत तर तिला शेवटी त्याच्या पायाशीच बसवलं.”

कुलसुमने टाचण्या तळहातावर काढून घेतल्या.

“मग त्या फ्रान्सवाल्या नवऱ्यानं काय केलं?”

“त्याने? तो जेवला.”

कुलसुम खुदकन हसली. तेवढ्यात स्टेजवरून हाक आली आणि इरा झगा सावरत पळाली. जरा वेळाने पियानो वाजला. तिचा आवाज भिंतीपलीकडून येऊ लागला, गोड, दिव्याच्या वातीसारखा हलणारा.

हुसैनमियाँ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, “तूपण वाट बघायचीस ना गो?”

“बघायची. तीन वरसं बघितली.”

“आणि मग?”

कुलसुमने कापडाचे तुकडे गोळा केले, एकावर एक ठेवले.

“मग शिवणाची मशीन घेतली. आता तेरा पोरी येतात शिकायला. सकाळी दार उघडते, तर आधीच पायरीवर बसलेल्या. भांडतात, हसतात... माझं घर भरलेलं असतं वो.”

हुसैनमियाँनी इस्त्रीचं बटण बंद केलं. कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मला परत जायचं हाय,” कुलसुम म्हणाली. “तुमीपण या, खलास करून इथलं. आलात की पोरींना एक दिवस सुट्टी देईन.”