मिस्त्रीचा अंगठा

गल्लीत त्याला सगळे टणक मिस्त्री म्हणत. अंगाने तो काही टणक नव्हता. चौसष्ट वर्षांचा, काडीसारखा माणूस, चालताना गुडघे कुरकुरायचे. नाव पडलं ते त्याच्या चाकांवरून. त्याच्या दुकानातून सायकल बाहेर पडायची ती दोन्ही चाकं दगडासारखी होऊनच. ब्रेक दुरुस्तीला आणा, घंटी बसवायला आणा, जाताना मिस्त्री खाली वाकणार, उजव्या हाताचा अंगठा टायरवर दाबणार आणि अंगठा जरा जरी आत गेला तरी पंप हातात घेणार. चाळीस वर्षांचा नेम. हवा मोजायचं घड्याळ त्याच्याकडे होतं, पण ते खिळ्याला टांगून धूळ खात पडलेलं. "ज्याचा अंगठा मेलाय त्याने घड्याळ बघावं," असं तो म्हणायचा.

त्याच्या बायकोचं मत वेगळं होतं. दर रविवारी दोघं जोडसायकलवरून कालव्यापर्यंत जायची, पुढे मिस्त्री, मागे ती. तीस वर्षं मागच्या सीटवर बसून तिने वाटेतला खडान् खडा पाठ केला होता. "तुमच्या चाकाखाली मुंगी आली तरी मला कळतं," ती म्हणायची. "नर की मादी तेवढं फक्त सांगता येत नाही." मिस्त्री हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा अंगठा दाबून पंप मारायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं ती शेजारणीला सांगायची, आणि सांगताना तिला त्याचं कौतुकच असायचं.

मग तिचं दुखणं निघालं. हाडांतलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. मणके वाळवी लागलेल्या लाकडासारखे दिसत होते. "धक्का बसू देऊ नका," ते म्हणाले. जिना सावकाश उतरायचा, खुर्चीत उशी घ्यायची, खोकला आला तर आधी कशाला तरी धरायचं. किती दिवस आहेत, हे विचारायची मिस्त्रीची हिंमत झाली नाही. तिने विचारलं. उत्तर ऐकून ती म्हणाली, "म्हणजे उन्हाळा बघून जाईन."

घरी आल्यावर तिने एकच मागितलं. एकदा कालव्यावर जायचं.

"टॅक्सी करू की," मिस्त्री म्हणाला.

"गाडीत घालून माणसाला कुठे नेतात ते ठाऊक आहे मला. मी बसून जाणार. सायकलवर, तुमच्या मागे."

मिस्त्रीला नाही म्हणता आलं नाही. उभ्या संसारात या बाईने हट्ट असा धरलाच नव्हता, आणि आता धरला तो असा. त्यानंतरचे तीन आठवडे मिस्त्री टायर निवडत होता.

टायर ते काय, एवढं निवडायचं काय त्यात, असं कुणालाही वाटेल. पण इथे घोडं तीन ठिकाणी अडत होतं. रस्ता पाऊण तासाचा, त्यातला अर्धा दगडी फरशीचा, म्हणजे टायर मऊ हवं. नाहीतर तिच्या पाठीचं काही खरं नाही. दुखण्याच्या गोळीचा असर तासभर, त्याच्या आत पोहोचून बाकावर तिला टेकवून दुसरी गोळी द्यायची, म्हणजे टायर पळणारंही हवं. पायडल मारणारा म्हातारा एकटाच. आणि कालव्याच्या कडेने काटेरी कुंपण. तिथे पंक्चर झालं तर ती ना चालू शकणार, ना ते काढेपर्यंत उभी राहू शकणार. मऊ, पळणारं आणि न फुटणारं. मिस्त्रीच्या मते अशी वस्तू देवाने अजून केली नव्हती. मऊ असेल ते रखडतं, पळतं ते हाडं खिळखिळी करतं, आणि काट्याला दाद देत नाही ते ठोकळ्यासारखं जड असतं. गिऱ्हाइकांना तो जन्मभर हेच सांगत आला होता.

तो ठोक मालाच्या दुकानात गेला. तिथली टायरवाली त्याच्या निम्म्या वयाची आणि बोलायला दुप्पट. "मिस्त्री आणि रुंद टायर! आज सूर्य कुठून उगवला?" ती म्हणाली. पण कारण ऐकल्यावर तिची थट्टा तिथेच थांबली. तिने माळ्यावरून एक टायर काढलं, तीन बोटं रुंद, आणि रुमालासारखं घडी करून त्याच्या हातात दिलं.

"कापड बघा. बारीक सूत, दाट विणलेलं, वर रबर अगदी पातळ. जाड टायर वाकतानाच तुमचा अर्धा जोर खातं. हे खात नाही."

"आणि काटा?"

"आत पट्टी आहे. शिवाय टणक चाक काचेवर चढलं की काच आत घुसते, दुसरं करणार काय ती? मऊ चाक दबतं आणि वरून निघून जातं. एकच सांगते, हवा कमी ठेवायची. घड्याळावर पस्तीस. दगडासारखं फुगवलंत तर हे काय आणि तुमचं जुनं काय, सारखंच."

मिस्त्रीचा विश्वास बसेना. त्याने तीन जातींची टायरं आणली आणि पुलाच्या उतारावर परीक्षा मांडली. मागच्या सीटवर बायकोच्या वजनाची वाळूची पिशवी बांधली. पिशवी त्याने जुन्या अंदाजाने भरली होती. मग दवाखान्याचा कागद काढून तिचं आताचं वजन बघितलं, आणि पिशवीतली वाळू उपसायला बसला. बरीच उपसावी लागली. तेव्हा तो काही वेळ पुलाच्या कठड्याशी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं पाणी बघतोय.

पिशवीवर त्याने काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास बसवला आणि पायडल न मारता उतारावरून सायकल सोडली. जुनी टणक टायरं कुलुपवाल्याच्या दारापर्यंत गेली, ग्लास निम्मा सांडला. जाड टायरं त्याच्याही अलीकडे, लाँड्रीपाशीच थकली. रुमालासारखी टायरं कुलुपवाल्याला मागे टाकून थेट टपालपेटीपर्यंत गेली आणि ग्लासातलं पाणी दोन बोटं सुद्धा कमी झालं नाही. मिस्त्रीने तीच टायरं पंप मारून टणक केली आणि पुन्हा सोडली. ती फरशीवर उड्या मारत कुलुपवाल्यापाशी थांबली, ग्लास रिकामा. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मिस्त्रीने पाच वेळा आरसा बघितला.

"अहो," संध्याकाळी बायको म्हणाली, "दिवसभर त्या वाळूला पाणी पाजता, एखादा ग्लास इकडेही द्या."

शनिवारी टायरं चढली. मिस्त्रीने खिळ्यावरचं घड्याळ काढलं, पुसलं आणि पस्तीसचा आकडा तीनदा बघितला. मग राहवलं नाही म्हणून अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्याला कसंसंच झालं, एखाद्या गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं. पण पाण्याचा ग्लास आठवून त्याने हात खिशात घातला आणि दुकान बंद केलं. इतक्या दिवसांत त्या रात्री तो पहिल्यांदा शांत झोपला.

रविवारी ऊन कोवळं होतं. तिने निळा कोट घातला. बूट घालायला तिला दहा मिनिटं लागली आणि मदत तिने करू दिली नाही. तेवढ्या वेळात मिस्त्रीने सायकल बाहेर काढली, घंटी पुसली, साखळीला तेल सोडलं आणि निघताना जे जे करायचं असतं ते सगळं केलं. शेजारीण दारात उभी राहून काहीबाही विचारत होती, तो उत्तरं देत होता. आनंदाने त्याचे हात आपोआप चालत होते.

गोळी घेऊन ती मागे बसली. सायकल निघाली ती सुळकन. जोर लावायला लागतच नव्हता. गल्ली संपेपर्यंत मिस्त्रीच्या तोंडून शीळ निघायला लागली. गेल्या हिवाळ्यापासून त्याने शीळ घातली नव्हती, त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

दगडी फरशी आली. हँडल हातात थरथरलं. म्हातारे हात, त्याला वाटलं, आणि त्यात जिवाची धाकधूक.

"कसं वाटतंय गं?"

"लोण्यासारखं!" मागून आवाज आला.

जोडसायकलवर मागच्याला पुढच्याची पाठ दिसते; पुढच्याला मागच्याचं काहीच दिसत नाही. त्याने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा लोण्यासारखं. दुसऱ्या वेळी ती हसलीसुद्धा. मग तो बिनघोर झाला आणि शीळ घालत राहिला. कुंपणाच्या कडेने सायकल गेली, काटे चाकाखाली मोडल्याचे आवाज आले, पंक्चर नाही. एक्केचाळीस मिनिटांत कालवा.

"बघ!" मिस्त्री उतरून म्हणाला. "मऊ, पळणारं, न फुटणारं. टायरवालीचे पाय धरायला हवेत."

ती उतरली नाही. सायकल त्याने बाकाला टेकवली होती, तरी ती हँडल धरून तशीच बसली होती, पाण्याकडे बघत. "जरा अशीच बसते," ती म्हणाली.

काटा रुतलाय का बघावं म्हणून मिस्त्री मागच्या चाकाशी वाकला. अंगठा आपसूक टायरवर गेला. दाबला. आत गेला नाही.

त्याने पुढचं चाक दाबलं. दगड.

मग त्याला दिसलं. दुसऱ्याच कुणाचं तरी आठवावं तसं दिसलं. शेजारीण विचारतेय, डॉक्टर काय म्हणाले, तो उत्तर देतोय, वाकलाय, अंगठा आत गेलाय, आणि पंपाचा दांडा खालीवर, खालीवर, मागच्या चाकाला, मग पुढच्या. चाळीस वर्षं सायकल दाराबाहेर काढली की करतो तसं. तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून जे जमवलं ते त्याने स्वतःच्या हाताने दोन मिनिटांत मोडलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, मग दाद मागायची कुणाकडे?

त्याने वर बघितलं. तिचा खालचा ओठ दातांनी फुटला होता आणि रक्त हनुवटीवर सुकलं होतं.

"दुखत होतं?"

तिने कोटाच्या बाहीने हनुवटी पुसली.

"अगं, बोलायचं ना! थांबलो असतो. हवा सोडली असती. दोन सेकंदांचं काम होतं गं!"

"मला काय ठाऊक हवेचं," ती म्हणाली. एकेक शब्द ती जपून बोलत होती. "मला वाटलं, माझंच दुखणं वाढलंय. आणि तुम्ही शीळ घालत होतात. किती दिवसांनी घालत होतात."

मिस्त्रीने दोन्ही चाकांची हवा सोडली. सोडून काही उपयोग नव्हता, तरी सोडली. ती फुस्स करून जात असताना तो तिच्या बुटांना धरून रडला, आणि तिला खाली वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवता येईना.

परत तिला गाडीत घालूनच आणलं. दोन मणके खचले होते. डॉक्टर भला माणूस. "हाडं पोखरलेलीच होती," तो म्हणाला, "नुसत्या खोकल्यानेही खचली असती. स्वतःला लावून घेऊ नका." मिस्त्रीने मान हलवली. पण मणके खोकल्याने खचले नव्हते. आता ती बसू शकणार नव्हती, उन्हाळ्यातही नाही.

चार दिवसांनी घरी नर्स आली. तिने हवेची गादी आणली होती, सोबत पायाने मारायचा पंप. "या कामातलेच आहात तुम्ही," ती मिस्त्रीला म्हणाली, "मारा बघू."

मिस्त्री मागे सरकला. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले. नर्सने त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच पंप मारला. "फार फुगवायची नाही," ती म्हणाली. "टणक झाली की पाठीला जखमा होतात. त्यांच्या खाली हात घालून बघत जा, थोडी दबली पाहिजे. आणि त्यांना विचारत जा. त्या सांगतील ना."

नर्स गेल्यावर मिस्त्री पलंगाजवळ स्टूल घेऊन बसला. गादीत अंगठा दाबायला त्याने हात पुढे केला आणि परत घेतला. त्या अंगठ्याला आता काय विचारायचं?

"टोचतंय का?" त्याने विचारलं.

"नाही. लोण्यासारखं आहे."

त्याने थोडी हवा सोडली. "आणि आता?"

"लोण्यासारखं."

तोच आवाज. या वेळी ती मागे नव्हती, समोर होती. तिचं तोंड हातभर अंतरावर होतं, ओठावरची खपली दिसत होती. तरी त्याला कळेना. आता कधीच कळणार नव्हतं. जितके दिवस उरले होते तितके दिवस तो विचारणार होता आणि ती हेच सांगणार होती.

"खरं सांग गं," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो, एकदा खरं सांग."

तिने डोळे मिटले. "शीळ घाला बरं जरा," ती म्हणाली. "त्या दिवशीची."

मिस्त्रीने ओठ जुळवले. बराच वेळ तो फुंकत राहिला, पण नुसती हवाच बाहेर येत होती.