आंबेमोहोराचा डबा

ज्या घरात पाहुण्यांच्या खोलीला बाहेरून कुलूप लागत नाही, त्या घरावर माझा विश्वास बसत नाही. लॉकपोर्टच्या कालव्याकाठचं हे गेस्ट हाउस आमच्या यांनी, श्रीरंगांनी शोधलं. लाकडी घर, वर पाच खोल्या, टोकाला सगळ्यांत मिळून एक बाथरूम, खाली डोरीन नावाची मालकीण एकटीच. "स्वस्त आणि स्वच्छ," हे म्हणाले. मिशिगनमधल्या नोव्हायहून एवढा ड्राइव्ह करून आल्यावर मला त्यातलं फक्त स्वस्त दिसलं.

उद्या याच गावात आमच्या नातीचं, आन्याचं लग्न. सासूबाईंच्या पाटल्या तिच्या हातात घालायच्या म्हणून मी आणल्या होत्या. कुठे? आंबेमोहोर तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, मलमलच्या फडक्यात. सोनं तांदळात लपवायचं हे मला आईनं शिकवलं, आणि तांदूळ यांच्या खिचडीला लागतोच. यांना मात्र काही सांगितलं नव्हतं. यांच्या पोटात काही राहत नाही. टोलवरच्या माणसालाही सांगून मोकळे होतील.

डोरीन मला पहिल्यापासून खटकली. काल आल्याआल्या तिनं काचेच्या डिशमधून ॲपल पाय आणून दिला. ओळख ना पाळख, एवढं गोड कशाला? वर विचारते, "लग्नात तुम्ही लोक सोनं घालता ना? फार सुंदर असतं." मी म्हटलं, "छे, सगळं खोटंच असतं."

आज सकाळी मी आंघोळ करून आले तर खोलीचं दार सताड उघडं. बॅगेची चेन उघडी. डबा गायब. आणि डोरीन टॉवेल घेऊन जिना उतरत होती. मला बघून हसलीसुद्धा.

हे कालव्यावर बोटी बघायला गेलेले, फोन इथे चार्जिंगला. तिला तोंडावर विचारायचं मला धाडस होईना. मग मी लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "या बाईकडे उतरू नका. चोर आहे. माझ्या पाटल्या गेल्या." आमची चार खोल्यांची माणसं दुपारी इथेच पोचणार होती, त्यांना सावध करायला नको? धडाधड उत्तरं आली. भाच्यानं, शैलेंद्रनं लिहिलं, "मावशी, सगळ्यांचं बुकिंग कॅन्सल केलं. पोलिसांना कॉल करू का?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासानं हे उगवले. "अगं, काय भारी आहे ते! कालव्याच्या दोन दारांमध्ये नुसतं पाणी भरतात आणि बोट अलगद वर येते."

"अहो, तांदळाचा डबा चोरीला गेला."

"चोरीला कशाला जाईल? मी डोरीनला दिला. तिची डिश परत करायची होती. तूच म्हणतेस ना, कुणाचं भांडं रिकामं पाठवायचं नाही? बॅगेत दुसरं काही सापडेना."

हो, मीच म्हणते. पन्नास वर्षं म्हणत आलेय.

तेवढ्यात दार वाजलं. दारात डोरीन, हातात आमचा डबा, तांदळावर दोन्ही पाटल्या. "भात करायला घेतला तर या निघाल्या. या काही माझ्यासाठी नसणार," असं म्हणत तिनं त्या माझ्या हातात ठेवल्या. मग तिचा चेहरा उतरला. "तुमच्या माणसांनी चारही खोल्या एकदम कॅन्सल केल्या. लग्न मोडलं नाही ना? मुलगी बरी आहे ना?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुलगी बरी आहे," मी म्हटलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

तिनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, बराच वेळ निरखून पाहिलं. "ही भाषा मला येत नाही, डिअर. काय लिहिलंय?"

मी पाटल्या पलंगावर ठेवल्या आणि पहिल्या शब्दापासून तिला इंग्रजीत सांगायला लागले.