निळ्या दोरीचे तीन दिवस

मी एक जुनी होडी आहे. पळसदेवच्या काठावर, उजनी धरणाच्या पाण्यात आणि चिलापी माशांच्या वासात माझे आयुष्य गेले. माझ्या पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला तुम्हाला दिसेल. पक्षी बघायला येणारे पाहुणे विचारतात, "हा होडीचा नंबर का हो?" नाही, मित्रांनो, तो गुन्ह्याचा नंबर आहे. गुन्ह्यात वापरलेली वस्तू पोलीस जप्त करतात, तिला मुद्देमाल म्हणतात. मी चार वर्षे इंदापूरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल होते. होडी आणि कैदेत! तुम्हाला हसू आले ना? पहिल्या दिवशी मलाही आले होते.

मला तात्याबा सुतारांनी बनवले. बाभळीच्या आडव्या फळ्या, सागाचा तळ, सांध्यांत डांबरात भिजवलेला कापूस. काम संपल्यावर तात्याबांनी माझ्या पोटावर थाप मारली आणि माझ्या मालकाला, सावळारामला, एकच गोष्ट बजावली. "हिला कधी कोरडी ठिवू नगंस. लाकूड पान्यात ऱ्हायलं तर फुगतं, सांधे मिटतात. उन्हात टाकलीस की भेगा पडल्याच म्हनून समज." सावळारामने मान डोलावली. त्याच महिन्यात त्याला मुलगा झाला, सुयोग. म्हणजे आम्ही दोघे एका वयाचे. पाळणा यायला उशीर झाला म्हणून तो आधी माझ्या मधल्या फळीखाली घोंगडीवर निजला. याचा मला फार गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

आमचे पाणी तुम्ही पाहिले नसेल तर सांगते. पावसाळ्यात ते एवढे पसरते की पलीकडचा करमाळ्याचा काठ पुसून जातो. त्या पाण्याच्या पोटात जुने गाव आहे. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरले की एका सकाळी आधी मंदिराच्या शिखराचे टोक दिसते, मग हळूहळू शिखर, मग दगडी खांब. मी ते अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी माझ्या फळ्या शहारल्या आहेत. सुयोग सहा वर्षांचा असताना ते टोक त्याने पहिल्यांदा पाहिले. तो माझ्यात उभा राहिला, हात जोडायचे विसरला आणि नुसता तोंड उघडे टाकून बघत राहिला. "आबा, एवढं मोठं आपल्या खाली व्हतं?" असे त्याने विचारले. आपल्या खाली काय काय असते, हे खरेच कोणाला कळत नाही.

आमच्या काठावरची एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर घडले. पाण्यात जाळे टाकले की वर रिकामा प्लास्टिकचा डबा बांधतात. डबा तरंगत राहतो आणि जाळे कुठे आहे ते सांगतो. प्रत्येक घराची खूण वेगळी. सावळारामच्या डब्यांना लाल चिंधी. दुसऱ्याच्या डब्याला, दुसऱ्याच्या दोरीला कोणी हात लावत नाही. कोणाची दोरी तुटली, जाळे वाहून चालले, तर तो जवळच्या डब्याला ते तात्पुरते अडकवून ठेवतो. डब्याचा मालक ते पाहतो, समजून घेतो आणि एक शब्द विचारत नाही. विचारणे म्हणजे चोर समजणे. या रीतीचे मला केवढे कौतुक होते!

सुयोग मोठा झाला आणि बारामतीला आयटीआय शिकायला गेला. शनिवारी यायचा. आधी तो वल्ही हातात घेई, मग मोबाइल घेऊ लागला. मोबाइलमध्ये एक माणूस होता. सुयोगने त्याला कधी पाहिले नव्हते, पण त्याचा आवाज मी ऐकला आहे. गोड आवाज होता. "तुझ्यासारखी पोरं आहेत म्हणून आपली संघटना उभी आहे," असे तो म्हणे. पळसदेवच्या पोराला आजवर असे कोणी म्हटले नव्हते. मग द्वेषाची भाषणे आली, कोणाला धडा शिकवायचा त्याच्या याद्या आल्या. सावळारामला वाटले, पोरगे अभ्यास करते आहे.

एका भर दुपारी, गाव जेवून लवंडले असताना, सुयोगने माझ्यात एक पेटी ठेवली. मला वजन तेवढे कळते, आतले काही कळत नाही. ती पेटी त्याने पलीकडच्या काठावर एका माणसाला दिली. पंधरा दिवसांनी, एका रविवारी, दुसरी पेटी आली. ती त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि आपल्याच घराच्या लाल चिंधीच्या डब्याखाली निळ्या दोरीने पाण्यात सोडली. तिथे तिला कोणी हात लावणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. आमची चांगली रीत त्याने कशाला वापरली, पाहा! त्याला सगळे माहीत नव्हते, मित्रांनो. पण जेवढे माहीत होते तेवढे पुरेसे होते.

सोमवारी सावळारामला ती निळी दोरी दिसली. त्याने वल्हे थांबवले, पाहिले आणि माझ्याशी बोलला. मासेमारी करणारी माणसे होडीशी बोलतात. "कुणाची तरी अडचन असंल. नेईल बिचारा." मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी दूरच्या एका गावच्या आठवडे बाजारात स्फोट झाला. सुयोगने पलीकडे दिलेली पेटी तिथे पोहोचली होती. कन्हेरीची भागूबाई मेथी आणि कोथिंबीर घेऊन त्या बाजाराला गेली होती. तिचा उजवा हात गेला.

त्या आठवड्यात सुट्टीवर घरीच असलेला सुयोग बातमी ऐकून ताटावरून उठला आणि काठावर येऊन लाल चिंधीच्या डब्याकडे बघत राहिला. सावळारामने त्याच्याकडे नीट पाहिले. मग त्याला घेऊन माझ्यात बसला आणि थेट लाल चिंधीच्या डब्याकडे वल्हवू लागला. निळी दोरी त्याने हातभर वर ओढली, पेटीचा कोपरा दिसला, आणि त्याने ती हळूच परत खाली सोडली.

"दोरी कुणाची?"

"माझी, आबा."

"अशी आनखी किती?"

"एक. पल्याड दिली."

"आत काय हाय?"

"उघडू नगं म्हनले व्हते. न्हाय उघडली."

"पर वळखलं व्हतंस?"

सुयोगने मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली. तो मधल्या फळीवर बसला होता, जिच्याखाली एकदा निजला होता. सावळारामने मला काठाकडे वळवले. तिथे सुयोगची आई मुक्ताबाई उभी होती. तिने सावळारामकडून सगळे ऐकले आणि त्याचा हात धरला. "दोन दिस थांबा की. कुना वकिलाला इचारू."

"तीन दिस थांबलोच व्हतो, मुक्ता," तो म्हणाला. पोराला घेऊन तो स्वतः चौकीची वाट चालू लागला. माझ्या आयुष्यात मी मोठे पाणी पाहिले, पाण्यातून वर येणारे देऊळ पाहिले. पण त्या वाटेने जाणाऱ्या त्या दोन पाठींएवढे मोठे मी काही पाहिलेले नाही.

पेटी तज्ज्ञ माणसांनी येऊन काढली. सुयोगला तुरुंगात नेले, मला टेम्पोत घालून इंदापूरला. लिंबाच्या झाडाखाली, एका फुटक्या मोटरसायकलशेजारी मला ठेवले. पहिल्या उन्हाळ्यातच माझे सांधे उघडले. कापूस बाहेर आला. माझ्या पोटातून जमीन दिसू लागली. मी मनाशी म्हणायचे, पेटी मीही वाहिली, मग हे मला मिळाले ते योग्यच. आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, मला कोरडी करून कोणाचे काय भले झाले? चार वर्षे मी हा वाद स्वतःशी घातला आणि दर वेळी हरले.

दर महिन्याला सुयोगची भेट घेऊन सावळाराम परत येताना ठाण्यात उतरे. विजयसिंह हवालदारांना विचारून तो नळाच्या चार बादल्या माझ्यात ओते. पाणी भेगांतून वाहून जाई, पण फळ्या थोड्या भिजत. एके दिवशी जबाबासाठी आलेली एक बाई सावलीत बसायला जागा शोधत माझ्या काठावर टेकली. तिच्या पोलक्याची उजवी बाही पिनेने दुमडलेली होती.

"होडीला पानी कशापायी पाजताय?" तिने विचारले.

"कोरडी पडली तर फुटंल. उद्या सोडली अन् पान्यात घातली, तर बसनाऱ्याला घिऊन बुडंल."

"तुमची हाय?"

सावळारामने बादली खाली ठेवली. खोटे बोलणे सोपे होते. "व्हय. मी सुयोगचा बा."

भागूबाई उठली नाही. डाव्या हाताने तिने माझी एक भेग चाचपली. मग म्हणाली, "अन् पोराला कोन पानी घालतंय?"

सावळारामने नळ बंद केला. मग तो म्हणाला, "म्हैन्याला जातो. काचंतनं बघतो. आत त्याच लोकांतली मानसं त्याच्या शेजारी बसत्यात म्हनं. त्येच गोड बोलत्यात."

"त्याला सोडा असं मी म्हननार न्हाय," भागूबाई म्हणाली.

"मी बी म्हनत न्हाय, बाई."

निकालाच्या दिवशी काय झाले ते सावळारामने मला आवारात येऊन सांगितले. सरकारी वकिलांनी जन्मठेप मागितली. सुयोगचे वकील म्हणाले, पोर अजाण होते, सोडून द्या. सावळारामने साक्षीत निळ्या दोरीचे तीन दिवस सांगितले. "सोमवारी इचारलं असतं तर पल्याड दिलेली पेटी बी कळली असती, बाईंचा हात ऱ्हायला असता. त्या तीन दिसांची शिक्षा मला बी द्या," असे तो म्हणाला. मग न्यायाधीशांनी भागूबाईला विचारले, तुम्हाला काय वाटते?

ती उभी राहिली. "सायेब, शिक्षा द्या. माझी येनी घालाया मला शेजारीन लागती, ते त्यानं इसरू नये. पर त्याला आत त्याच मानसांच्या हाती देऊ नगा. उद्या त्यो भायेर येनारच हाय. भेगा पडलेला आला, तर आनखी कुनाला घिऊन बुडंल. ते कोन असंल? माझ्यासारखीच बाजाराला आलेली बाई असंल न्हवं?"

न्यायाधीशांनी तिचे बोलणे शब्दशः लिहून घेतले, असे सावळाराम म्हणाला. मग शिक्षा झाली, सात वर्षे, आत काढलेली चार धरून. त्या संघटनेच्या माणसांपासून त्याला वेगळे ठेवायचे, राहिलेले शिक्षण आत पुरे करू द्यायचे. मला मालकाला परत द्यायचे.

उरलेली तीन वर्षे कमी की जास्त, मित्रांनो, हे मला विचारू नका. मी लाकूड आहे. शिक्षा नको असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी ती दुमडलेली बाही पाहिली आहे. आणि माणसाला नुसते कोरडे करत ठेवणे म्हणजे न्याय, असेही मला म्हणवत नाही, कारण मी त्या लिंबाखाली पडून होते.

पळसदेवला आणल्यावर सावळारामने मला काठाजवळ दगड भरून बुडवले. तीन दिवस मी पाण्याखाली होते. सांधे हळूहळू मिटत गेले, एक सोडून. तो अजून झिरपतो. सावळारामने गुन्ह्याचा आकडा मात्र खरवडला नाही. आणि आमच्या काठावरची रीत आता बदलली आहे. आपल्या डब्याला अनोळखी दोरी दिसली की माणूस होडी थांबवतो आणि सगळ्या पाण्याला ऐकू जाईल अशी हाक देतो, "कुणाची दोरी हाय?" उत्तर येईपर्यंत तो हलत नाही. कोणाला राग येत नाही. तुम्हीही, मित्रांनो, आपल्या भावाच्या, मैत्रिणीच्या आयुष्यात एखादी अनोळखी दोरी दिसली, तर सभ्यपणाने तोंड फिरवू नका. सोमवारीच विचारा.

या मे महिन्यात भागूबाई देऊळ बघायला आली. सावळारामने तिला हात देऊन माझ्यात घेतले. ती मधल्या फळीवर बसली.

"तितं सुयोग बसायचा," सावळारामच्या तोंडून निघून गेले.

ती उठायला लागली, मग पुन्हा बसली. शिखर जवळ आले, खांब दिसले. ती सहा वर्षांच्या पोरासारखी तोंड उघडे टाकून बघत राहिली. मग म्हणाली, "माफ कराया माझं मन अजून व्हत न्हाय, बाबा."

"नगा करू," सावळाराम म्हणाला.

ऊन कडक होते. फळी तापली होती. भागूबाईने वाकून डाव्या हाताच्या तळव्यात मावेल तेवढे पाणी घेतले, आणि सुयोगच्या फळीवर ओतले.