गप्प मुलीसाठी शाळा

"या पिवळ्या पट्टीवरून चालायचं, बस्स," मुख्याध्यापिका मिस व्हिटलॉक हलक्या आवाजात म्हणाल्या. "मुलांनाही आम्ही तेच सांगतो."

लेमुएल गेदर्सने खाली पाहिलं. चकचकीत फरशीवर भिंतीच्या कडेने पिवळी पट्टी ओढली होती आणि त्याची पाच वर्षांची ओपल केव्हाच तिच्यावर उभी राहिली होती, पावलाला पाऊल चिकटवून. बापाचं बोट मात्र तिने सोडलं नव्हतं. शाळा बघायला आलेले बाकीचे आईबाप त्यांच्या मागे रांगेत लागले.

समोरून पहिलीचा वर्ग आला. निळे शर्ट नीट खोचलेले, हात पाठीशी, आणि प्रत्येकाचे गाल टम्म फुगलेले.

"गाल का फुगवलेत हो त्यांनी?" लेमने विचारलं.

"तोंडात हवेचा फुगा धरलाय. फुगा धरला की बोलता येत नाही," मुख्याध्यापिका हसल्या. "लहान आहेत, त्यांना खेळ वाटतो."

शेवटच्या पोराने जाताजाता ओपलला जीभ दाखवली आणि कोणी बघायच्या आत गाल पुन्हा फुगवले.

लेम शहराच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये ब्रेकचं काम करायचा. आज त्याने मुद्दाम रजा काढली होती. त्याची बायको कोरिन विमानतळाच्या स्वयंपाकघरात होती. तिला रजा मिळाली नव्हती. लँटर्न हिल ही चार्टर शाळा त्यांच्या वस्तीपासून दोन बस बदलण्याइतकी लांब होती. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, फी नाही. पण जागा थोड्या आणि त्या हव्या असणारं अख्खं फिलाडेल्फिया, त्यामुळे प्रवेश सोडतीने व्हायचा. लेमच्या थोरल्या बहिणीचा, बर्नडीनचा मुलगा क्विन्सी तिथे दुसरीत होता आणि बर्नडीन दर रविवारी चर्चमधून आली की हाच विषय काढायची.

"वीव्हर स्ट्रीटच्या शाळेने तुझं काय भलं केलं, सांग बरं," ती म्हणायची. "दहावीत जाईपर्यंत तुला धड वाचता येत नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही."

हे खरं होतं. लेम अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचायचा, आणि कोणी बघत असेल तर वाचायचाच नाही.

पण ओपलची गोष्ट निराळी होती. घरात ती टकळी थांबवायची नाही; मांजराशी, रेडिओशी, स्वतःच्या मोज्यांशीसुद्धा बोलायची. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर पाय ठेवला की तोंड बंद. शेजारीण, दुकानदार, सख्खी आत्या, कोणाशीच एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले होते, कान चांगले आहेत, गळा चांगला आहे, वेळ द्या.

पहिलीच्या वर्गात एक बुटकी मुलगी उठली आणि देवमाशांवरचा धडा न अडखळता घडाघडा वाचून गेली. माझ्या पोरीला हे यायला हवं, लेमच्या मनात आलं. बाकी सगळं जाऊ दे खड्ड्यात.

मग बालवर्ग. तिथल्या तरुण बाई, मिस पेल, ओपलपुढे वाकल्या. "नाव काय तुझं?"

ओपल बुटांकडे बघत राहिली.

"असू दे, असू दे. ये, बस इथे."

सतरंजीवर ओपल मांडीत हात गुंफून बसली ती मोठी माणसं शाळा पाहून परत येईपर्यंत तशीच. लेम न्यायला आला तेव्हा मिस पेलचा चेहरा खुलला होता. "काय गुणी मुलगी आहे हो तुमची. नवीन आहे असं वाटलंसुद्धा नाही. अशा वीस द्या मला, वर्षभर आवाज चढवावा लागणार नाही." त्यांनी ओपलच्या कोटावर सोनेरी चांदणी चिकटवली. शांत बसल्याबद्दल.

निघताना लेम मिस व्हिटलॉकजवळ रेंगाळला. "एक विचारू? एखादं मूल अजिबातच बोललं नाही, तर तुम्हाला कधी कळेल?"

त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी ओपलकडे पाहिलं, तिच्या कोटावरच्या चांदणीकडे पाहिलं.

"उशिरा कळेल, मिस्टर गेदर्स," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. पण कळल्यावर आम्ही सोडून देणार नाही. अशा मुलांसाठी एक बाई येतात, आठवड्यातून एकदा."

बाई सरळ होत्या. लेमला त्यांचा राग आला नाही, आणि म्हणूनच त्याची जास्त पंचाईत झाली.

रात्री जेवायला बसल्यावर कोरिनने मक्याची पोळी मोडून ओपलच्या ताटलीत ठेवली. "मग राणीसाहेब, कशी होती शाळा?"

ओपल बोलली नाही. तिने गाल फुगवले होते. कोरिनने परत विचारलं तेव्हा तिने कोटावरून काढून झग्यावर लावलेल्या चांदणीवर बोट ठेवलं.

"हे काय गं नवीन?"

"फुगा धरलाय तिने," लेम म्हणाला. "तिथे धरायला लावतात."

"खेळतेय रे ती. सोडेल."

ती सोडेना. मांजर येऊन पायाला घासून गेलं, तरी तिने त्याला हाक मारली नाही. तिघांच्या त्या स्वयंपाकघरात चमच्यांचा आवाज तेवढा होत राहिला. अंथरुणात शिरल्यावर कुठे तिने श्वास सोडला आणि विचारलं, "जिंकले ना मी?"

"जिंकलीस गं माझी बाय," कोरिन म्हणाली, आणि दिवा मालवून बाहेर येऊन नवऱ्याशेजारी बसली.

"ती बोलते ते एवढ्या एका घरात," लेम म्हणाला. "तेही गेलं तर?"

दुसऱ्या आठवड्यात दोघं ओपलला घेऊन वस्तीतल्या वीव्हर स्ट्रीटच्या शाळेत गेली. छताचे पोपडे निघालेले, वाचनालयाला कुलूप, आणि वर्गात मासळीबाजार. मिसेस टॉलिव्हर नावाच्या वयस्क बाईंनी बुटकी खुर्ची ओढली, कुरकुरत्या गुडघ्यांनी ओपलसमोर बसल्या आणि नाव विचारलं. उत्तर नाही. बाई थांबल्या. तेवढ्यात दोन पोरांची जुंपली. त्या उठल्या, दोघांना वेगळं केलं, परत आल्या, परत विचारलं. मग कोणाचं तरी दूध सांडलं. ते पुसून आल्या आणि तिसऱ्यांदा विचारलं. ओपल एक अक्षर बोलली नाही.

"हरकत नाही," मिसेस टॉलिव्हर लेमला म्हणाल्या. "मी रोज विचारीन."

एप्रिलमध्ये लँटर्न हिलच्या सोडतीत ओपलचं नाव निघालं. बर्नडीन केक घेऊन आली. जागा सोडतोय म्हटल्यावर ती केक हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"डोकं फिरलंय का तुझं? लोक त्या जागेसाठी देव पाण्यात घालून बसतात."

"माहीत आहे."

"माझं पोर बोलतं तिथे. जेवताना बोलतं, मैदानावर बोलतं. कोणी त्याची जीभ कापली नाही."

"क्विन्सी कुठेही बोलेल, बर्नडीन. त्याच्यासाठी ती शाळा चांगलीच आहे."

"आणि ही? ही तुझ्यासारखी ओळीखाली बोट ठेवून जन्म काढणार?"

कोरिन मधे पडायला निघाली. लेमने तिला हातानेच थांबवलं.

"कदाचित," तो म्हणाला. "वाचायला उशीर झाला तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्यातून निभावतं माणूस. बोलणंच थांबलं तर काय होतं, ते मला ठाऊक नाही. त्याची मला भीती वाटते."

बर्नडीनने केक टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. त्यानंतर रविवारी ती चर्चमधून परस्पर आपल्या घरी जायला लागली. ओपल वीव्हर स्ट्रीटला जायला लागली, आणि तिची लँटर्न हिलची जागा त्यांच्याच गल्लीतल्या एका मुलीला मिळाली. नाताळपर्यंत ती मुलगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, आणि लेम ते ऐकत घरी यायचा. ओपल अजून अक्षरं उलटी काढत होती. कोरिन तिला संध्याकाळी घेऊन बसायची. लेमही बसायचा, आपलं बोट तिच्या बोटाशेजारी ठेवून. काही संध्याकाळी त्याला वाटायचं, आपण पोरीचं नुकसान केलं.

मिसेस टॉलिव्हर रोज विचारत होत्या. "नाही अजून," त्या फाटकाशी सांगायच्या, हवामान सांगावं तसं.

मार्चमध्ये एकदा गॅरेजमधून तो लवकर सुटला आणि शाळेवरून निघाला. मधली सुट्टी होती. मैदानावर दोन-तीनशे पोरं एकाच वेळी ओरडत होती. भिंतीवर चेंडू आपटत होते, दोरीवरच्या उड्यांची गाणी चालली होती. ओपल त्याला उशिरा दिसली. ती लांबच्या भिंतीपाशी होती, हातात दोरीचं एक टोक. दुसरं टोक धरलेली मुलगी काहीतरी चुकीचं करत होती, आणि ओपल तिला हात नाचवून समजावत होती.

तिचे ओठ हलत होते.

लेम कुंपणाच्या जाळीला कान लावून उभा राहिला. त्या गलक्यात तिचा आवाज कुठला, ते त्याला काही केल्या वेगळं करता येईना. त्याने हाक मारली नाही. घंटा होऊन मैदान रिकामं होईपर्यंत तो तिथेच उभा होता.