पेन्सिलीचा ठिपका

तिला सगळे कासवबाई म्हणायचे, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या भावाने. दादाची नदीकाठी लॉन्ड्री होती. बहीण नदीतली कासवं मोजायची आणि भाऊ त्याच नदीत फेस सोडायचा, म्हणजे घरातच विळ्याभोपळ्याचं सख्य.

"तुझ्या साबणाने माझी कासवं मरतील."

"मरू देत. स्वच्छ तरी मरतील."

पण हल्ली थट्टा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाळू उपसून उपसून काठ खरवडून काढलेले, धरणाचं पाणी कारखान्यांच्या सोयीने सुटणार, मग कासवांनी अंडी घालायची कुठे, कुणाच्या डोक्यावर? यंदा एकाच मादीने ती घातली, आणि पुढच्याच आठवड्यात ती मादी जाळ्यात गुदमरून मेली. दुसरी मादी कासवबाईला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. वाळूत पुरलेली तेवढी अंडी, एवढंच काय ते शिल्लक होतं.

ती घातल्या घातल्याच कासवबाईने उंचवट्यावर हलवली होती आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका काढला होता. कारण पहिल्या दिवसानंतर आतला जीव कवचाला वरून चिकटतो. पुढे अंडं उलटं झालं की तो तुटतो, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, पाणी न सांगता सुटलं. नशीब बघा, नेमकी तेव्हाच ती शहरातल्या कचेरीत, पाणी सोडू नका म्हणून हातापाया पडायला गेली होती. साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसली असताना नदीवरच्या पंपवाल्याने तिला कळवलं. तिने दादाला फोन लावला.

"दादा, दुकान टाक आणि पळ! लाल काठी रोवलीय ना, तिथे. आधी अंडी उचल!"

तेवढ्यात शिपायाने तिचं नाव पुकारलं आणि तिने फोन ठेवला. फिरवू नकोस, एवढे दोनच शब्द राहिले.

साहेबांनी तिला उभ्याउभ्याच वाटेला लावलं. बाहेर येऊन तिने दादाला पुन्हा पुन्हा फोन केला. तो लागेना.

ती दुकानात पोचली तेव्हा दादा ओलाचिंब होता, एक पाय फडक्यात गुंडाळलेला. फोन नदीत गेला होता. इस्त्रीच्या टेबलावर पांढरा टॉवेल, आणि त्यावर अंडी ओळीने मांडलेली, लख्ख.

"कंबरभर पाणी होतं. पण एक फुटू दिलं नाही," दादा म्हणाला. "चिखलाने बरबटली होती बिचारी. एकेक हातात घेऊन, फिरवून फिरवून धुतली. आणि साबण अजिबात लावला नाही हं! तुझी भीती."

वाकून ती एकेक अंडं बघत गेली. ठिपका कुठेच नव्हता. पोहता न येणारा हा माणूस तिच्या एका शब्दावर पुरात शिरला होता. त्याला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

"छान केलंस, दादा," ती कशीबशी म्हणाली.

"फक्त ते काळे डाग गं, प्रत्येकावर एकेक. निघता निघेनात. नखाने घासून काढले."

"डाग नव्हते रे ते, खुणा होत्या."

तिने जीभ चावली, पण बोलून बसली होती. दादाचा उभा जन्म लोकांच्या कॉलरींवर खुणा घालण्यात गेला होता. खूण गेली की कपडा गेला, असं तो नोकरांना ओरडून सांगायचा.

"कसली खूण?"

"वरची बाजू कुठली, त्याची."

"आणि उलटं झालं तर?"

ती टॉवेलवरची अंडी मोजू लागली. दादाने जवळच्या अंड्याकडे हात नेला, बहुधा ठिपक्याचा माग उरलाय का बघायला.

"हात लावू नकोस!"

एवढ्या वर्षांत ती त्याच्यावर कधी अशी किंचाळली नव्हती. त्याने दोन्ही हात मागे घेतले आणि काखेत दाबून धरले.

"एखादं तरी सरळ राहिलं असेल ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली. माहीत होतं.

तरी तिने वाळू मागितली. तो लंगडत जाऊन बादली भरून घेऊन आला. अंदाजाने, देवाच्या भरवशावर, ती एकेक अंडं वाळूत ठेवू लागली. दादा भिंतीला टेकून लांबच उभा राहिला. शेवटच्या अंड्यावर तिने वाळू लोटली, तेव्हा तो हळूच म्हणाला,

"पण मी साबण लावला नव्हता गं."