पत्रिकेच्या लिफाफ्यातला कागद

मी एक फाइल बोलतेय. प्लॅस्टिकची, आकाशी रंगाची, बटण लावायची. शकुनताईंनी मला कोलकात्यातल्या गडियाहाटच्या फुटपाथवरून आणलं ते नूपुरच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, स्थळांसाठी. त्यामुळे माझ्या पोटात सगळ्यात आधी आली ती तिची पत्रिका, लांब पिवळ्या लिफाफ्यात. नूपुरने ऑफिसातल्याच एका मुलाशी परस्पर लग्न ठरवलं आणि ती बंगळूरला गेली. पत्रिका मात्र माझ्याकडेच राहिली.

शकुनताईंचे यजमान श्यामसुंदर बँकेत मोठे अधिकारी. बदल्या झेलत झेलत कोलकात्याला येऊन टेकलेले. माणूस इतका शिस्तीचा की चपलासुद्धा भिंतीला समांतर काढायचा. वर्षभरापूर्वी त्यांचं बिनसायला लागलं. नावं विसरायचे, अंधारात चालताना झोकांड्या खायचे, सही दर वेळी निराळी यायची. घरचे म्हणाले, कामाचा ताण. आपल्याकडे सगळ्याला ताणच कारणीभूत असतो.

मग इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात श्यामसुंदरांनी माइक हातात घेतला आणि प्रत्येक सभासदाला न्यू टाउनमध्ये एकेक बंगला जाहीर करून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी तर कोपऱ्यावरचा प्लॉट मागून ठेवला. माणूस आजारी आहे हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. ते मोठे साहेब होते ना!

त्यानंतर मात्र घरच्यांना शंका आली आणि लॅबच्या पॅकेजमधल्या सगळ्या रक्ततपासण्या झाल्या. रिपोर्ट वाचायला शकुनताईंचे भाऊ सलील आले. न्यू टाउनच्या आयटी कंपनीत असल्यामुळे त्यांना जगातलं सगळं कळतं.

"एचआयव्ही निगेटिव्ह! ताई, सुटलो!"

लगेच कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून संदेश आणले गेले. तोंड गोड झाल्यावर सलीलनी पुढचं पान उलटलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"ताई, इथे सिफिलिस पॉझिटिव्ह लिहिलंय."

"म्हणजे ते... तसलं?"

"अगं, हा जुन्या काळातला रोग. आता कुठे असतो? आणि एचआयव्ही नाही म्हणजे तसलं काहीच नाही. लॅबवाल्यांनी घोळ घातलाय."

मोबाइलचं कव्हर घ्यायचं तरी पन्नास जणांचं मत वाचणारा हा माणूस. या बाबतीत त्याने एकाही डॉक्टरला विचारलं नाही. शकुनताईंनी तो कागद घडी घालून पत्रिकेच्या लिफाफ्यात सरकवला. पत्रिकेत कोण डॉक्टर हात घालतोय?

पुढे सहा महिने त्यांनी मला कोलकाताभर फिरवलं. पहिले डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, औषध नाही. दुसऱ्यांना ते नैराश्य वाटलं. तिसऱ्यांनी जीवनसत्त्वांची इंजेक्शनं दिली. तिघांनीही विचारलं, "और कोई रिपोर्ट?" तिन्ही वेळा शकुनताईंनी माझं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "बस, इतना ही है." उत्तर माझ्या पोटात होतं. मला ओरडता येत नाही, याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

एप्रिलमध्ये एका सकाळी श्यामसुंदरांनी चहा घेऊन आलेल्या बायकोला विचारलं, "मॅडम, आपण कुठल्या काउंटरवर असता?" शकुनताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. चौथ्या डॉक्टरांची वेळ त्यांनी त्याच दिवशी घेतली.

तिथे बाकावर शेजारी खिदिरपूरच्या गोदीत काम करणारे हारानदा बसले होते. त्यांची फाइल मांडीवर सताड उघडी. श्यामसुंदरांची चाल बघून ते शकुनताईंना वहिनी मानून मोठ्याने म्हणाले, "बौदी, मैं भी ऐसे ही चलता था. मेरा तो एचआईवी भी है, सिफिलिस भी. दिमाग तक चढ़ गया था."

शकुनताई वीतभर लांब सरकल्या.

"पीठ में सुई देके पानी जाँचा, चौदह दिन पेनिसिलिन दिया. अब ताला-चाबी, हिसाब, सब खुद करता हूँ."

शकुनताई परत वीतभर जवळ आल्या.

आत डॉक्टर मित्राबाईंनी श्यामसुंदरांच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या उजेडाला ढिम्म हलल्या नाहीत. बोट जवळ नेलं तेव्हा मात्र आकसल्या. डॉक्टरबाईंनी टॉर्च खाली ठेवला. "इनका सिफिलिस का टेस्ट हुआ है?"

शकुनताईंचा हात माझ्या बटणावर होता. या वेळी त्यांनी ते उघडलं आणि पिवळा लिफाफा पुढे केला. डॉक्टरांनी पत्रिका बाजूला ठेवून कागद वाचला, तारीख वाचली.

"छह महीने! एचआईवी हो या न हो, यह बीमारी दिमाग तक जाती है. जिनको एचआईवी है, उनको हम पहले से जाँचते हैं. आप जैसे घरों पर किसी को शक नहीं होता, और आप लोग कागज़ छुपाते हैं. अब खुद का भी खून जाँच करवाइए."

पाठीतलं पाणी तपासलं, तेच निघालं. श्यामसुंदरांनाही चौदा दिवस दर चार तासांनी पेनिसिलिन दिलं. हारानदांना दिलं होतं तेच. औषधाला बँकेचा हुद्दा कळत नाही.

श्यामसुंदर पुष्कळ सावरले, पण पूर्ण नाही. बायकोला नावाने हाक मारतात, सही मात्र अजून जमत नाही. परवा दुपारी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि एकेक कागद लावून वाचला.

"शकुन, हा रिपोर्ट ऑक्टोबरचा आहे."

"मी लपवला होता," शकुनताई म्हणाल्या. "चार लोकांत तुमची शोभा होऊ नये म्हणून."

त्यांनी रिपोर्टची घडी बोटाने सपाट केली. मग म्हणाले, "मीही लपवलं होतं. नूपुर लहान असताना रायपूरला एकटा होतो, तेव्हा. जखम झाली, मलम लावलं, आपोआप गेली. मला वाटलं, मिटलं." मग त्यांनी मान वर केली. "तू तपासून घेतलंस का?"

शकुनताईंनी माझ्यातून पिवळा लिफाफा काढला आणि पत्रिकेमागे हात घातला. डॉक्टरांनी त्यांच्या तपासणीची दिलेली चिठ्ठी तिथेच होती. तीन आठवड्यांपूर्वीची. सवय वाईट!

ती चिठ्ठी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून लॅबमध्ये गेले, मला घेऊन.

रिपोर्ट उद्या येईल. काय येईल ते मला ठाऊक नाही. पण तो सगळ्यात वर लावायचा, असं दोघांचं ठरलंय. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण कपाटात असेल. तिचं पोट एकदा रिकामं करून बघा, तिला बोलता येत नाही. माझ्या पिवळ्या लिफाफ्यात आता नुसती पत्रिका आहे.